मोबाइलमधल्या दुकानाची भवानी

“मुलींचे बाप असतील,” शरयूवहिनी म्हणाल्या.

दुकान नुकतंच उघडलं होतं. बांगड्यांच्या काचेच्या कपाटावर माझा लॅपटॉप होता आणि आम्ही दोघी त्यात डोकं घालून उभ्या होतो. ‘वेळापुरे बांगडी भांडार, कराड. लग्नाचा हिरवा चुडा. कासार तुमच्या घरी येतील.’ ही आमची जाहिरात. मोबाइलवर कुणी चुडा किंवा बांगड्या शोधल्या की ती सगळ्यात वर दिसायची. शेजारी बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं लिहिलेलं असायचं. ती ज्यांनी ज्यांनी दाबली, त्यांचा एक गोल आलेख आता पडद्यावर होता. त्यात बायका चतकोरभर होत्या. बाकी सगळे पुरुष, आणि त्यातले बहुतेक पंचावन्नच्या पुढचे.

“इतके बाप?” मी म्हणाले.

“का? बापाला हौस नसते? खर्च तर तोच करतो.”

“मग एकाही बापानं फोन का नाही केला?”

जाहिरात दाबली की दुकानाचं पान उघडायचं. त्यावर चुड्यांचे फोटो आणि खाली ‘फोन करा’ असं मोठं बटन. माणसं येत होती, भरपूर येत होती, आणि एकही फोटो नीट न बघता निघून जात होती.

“विटा, म्हसवड, माढा,” मी गावांची नावं वाचली. “माढ्यात एवढी लग्नं निघालीत का?”

“माढ्याला आमच्या आतेसासूबाई असतात,” वहिनी हसल्या. “पण त्यांच्या घरात लग्नाचं कुणी उरलं नाही आता.”

मागे गादीवर बसून अप्पा, म्हणजे वहिनींचे सासरे, मऊ फडक्यानं एकेक बांगडी पुसून दांडीवर चढवत होते. मान वर न करता ते म्हणाले, “कासाराला कसली आलीय जाहिरात? हात बघितल्याबिगर बांगडी सांगता येत नाही. मोबाइलमधनं हात दिसतो होय?”

“म्हणून तर घरी येतो असं लिहिलंय, अप्पा. तुम्ही जायचं, हात बघायचा.”

“बघू.”

तेवढ्यात त्यांच्या हातातली एक बांगडी निसटून फरशीवर पडली. “वाढली,” वहिनी सहज म्हणाल्या आणि केरसुणी आणायला गेल्या. बांगडी फुटली असं त्या दुकानात कुणी म्हणत नसे. ती नेहमी वाढायची.

मी लॅपटॉप मिटून निघाले तसे अप्पा म्हणाले, “पोरी, भवानी व्हायची आहे अजून. रिकामी जाऊ नको.”

दिवसाची पहिली विक्री होईपर्यंत त्यांना चैन पडत नसे. मी नेहमीसारखं टाचण्यांचं एक पाकीट घेतलं. पैसे त्यांनी कपाळाला लावले आणि मग गल्ल्यात टाकले. त्या काही महिन्यांत आमच्या घरात इतक्या टाचण्या साठल्या की आई विचारू लागली, तू जाहिराती करतेस की शिवणकाम?

हे सगळं मी बी.एस्सी. झाले त्या हिवाळ्यातलं. विषय संख्याशास्त्र. पुढची प्रवेशपरीक्षा उन्हाळ्यात होती, हातात वेळ होता, आणि मोबाइलवर एक फुकटचा अभ्यासक्रम करून मी ऑनलाइन जाहिरात कशी चालवायची आणि तिचा माग कसा ठेवायचा ते शिकले होते. शरयूवहिनी आमच्याच गल्लीतल्या. त्यांनी विचारलं आणि मी लगेच हो म्हणाले. मला पुस्तकाबाहेरचे, खरेखुरे आकडे हवे होते. त्यांना दुकान हवं होतं.

दुकान हातचं जायच्या बेतात होतं. हेमंतदादा, वहिनींचे यजमान, साताऱ्याला नोकरीला होते आणि रविवारी घरी यायचे. अप्पांचे गुडघे गेले होते, गल्लीत गिऱ्हाईक फिरकेनासं झालं होतं, आणि मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस जागा भाड्यानं मागत होता. दादा वाईट नव्हते. म्हाताऱ्या वडिलांनी रिकाम्या दुकानात का बसून राहायचं, एवढाच त्यांचा सवाल होता. अप्पा यावर म्हणाले होते, “तुम्ही ठरवाल ते.” आणि वहिनी म्हणाल्या होत्या, “मला एक लग्नसराई द्या.”

वहिनी मूळच्या शिक्षकांच्या घरातल्या. जन्मानं कासार असूनही बांगडी भरायला त्या या घरी आल्यावर शिकल्या, अप्पांच्या हाताखाली. जाहिरातीला त्यांनी स्वतःच्या भिशीचे पैसे लावले होते. होळीनंतरच्या रविवारी दादांना निकाल दाखवायचा असं ठरलं होतं. पहिल्या पंधरवड्याचा आकडा ऐकून दादा इतके चकित झाले होते की त्यांनी कव्हरवाल्याला जरा थांबायला सांगितलं होतं. “एवढी माणसं? आपल्या दुकानात?” असं ते दोनदा म्हणाले. तो आकडा मीच त्यांना सांगितला होता, म्हणून तो मला सारखा टोचत होता.

“रेवती, मी सांगू?” दोन दिवसांनी वहिनी म्हणाल्या. “स्टँडजवळचं ते नवीन शोरूम. त्यांचीच माणसं बसून दाबत असणार. कुणी दाबलं की आपले पैसे कापले जातात ना?”

“हो.”

“मग तेच. आपले पैसे संपले की आपली जाहिरात बंद, त्यांची चालू.”

तर्क चांगला होता. पण मला तर्क करत बसण्यापेक्षा तो तपासून बघायला आवडतं. पैशांपेक्षा मला भीती वेगळीच होती. ही जाहिरात दाखवणारी यंत्रणा शिकत असते. कोण दाबतं ते बघते आणि तशाच माणसांना आणखी दाखवते. आता तिची खात्री पटत चालली होती की हिरव्या चुड्याची हौस सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या म्हाताऱ्या पुरुषांना असते. ज्या मुलींची लग्नं ठरली होती, त्यांना जाहिरात दिसायचीही कमी होत चालली होती.

मी एक साधा प्रयोग केला. सकाळी जाहिरात बंद ठेवली आणि दुपारी जेवणाच्या वेळेनंतर सुरू केली. दाबणारे खरे गिऱ्हाईक असतील तर ते दुपारभर इकडेतिकडे विखुरलेले दिसायला हवे होते. झालं असं की जाहिरात सुरू झाल्या झाल्या एक घोळका आला, त्याच गावांचा, त्याच वयाचा, आणि मग सगळं सामसूम. दुसऱ्या दिवशी ती तिन्हीसांजेला सुरू केली. पुन्हा घोळका, पुन्हा सामसूम. म्हणजे ही माणसं जाहिरात दिसेपर्यंत परत परत बघत बसली होती. बांगड्या हव्या असलेली बाई इतकी वाट बघत नाही, ती दुसरं दुकान शोधते. आणि वैरीसुद्धा इतका नेम धरून बसत नाही.

मी हे सांगायला गेले तर वहिनी वेगळ्याच काळजीत होत्या. “अप्पांना काय झालंय कळेना. काल दुपारपर्यंत जेवायला बसले नाहीत. आज तर संध्याकाळ झाली. तोवर भवानी नाही, भवानी नाही म्हणत होते. अगं, सकाळी जाधवकाकू डझनभर बांगड्या घेऊन गेल्या माझ्यासमोर!”

मी मनात दोन्ही दिवसांच्या वेळा ताडून बघितल्या. दुसऱ्या दिवशी जाहिरात सकाळीच सुरू केली आणि दुकान उघडायच्या वेळेला जाऊन पायरीवर उभी राहिले. वहिनी त्या वेळी मुलीला शाळेत सोडायला जातात हे मला माहीत होतं.

अप्पांची माझ्याकडे पाठ होती. त्यांनी सडा मारला, देवीच्या फोटोला उदबत्ती ओवाळली, गल्ल्याला हात जोडले. मग बंडीच्या खिशातून मोबाइल काढून तोंडाजवळ धरला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले, “वेळापुरे. बांगडी. भांडार. लग्नाचा. चुडा.” चष्मा काढून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. पान उघडलं असावं, कारण त्यांनी मोबाइल कपाळाला लावला, मग गल्ल्याला टेकवला. मग पुन्हा तोंडाजवळ धरून त्यांनी निरोप बोलायला सुरुवात केली.

“माझी झाली. विट्याची झाली. माढेकर अजून दिसत नाहीत. म्हसवडकर, झोपलाय काय? सूनबाईचं दुकान आहे, रिकामं बसवू नका.”

“अप्पा,” मी म्हणाले.

कॉलेजातल्या मुलानं विडी लपवावी तसा त्यांनी मोबाइल गादीखाली सारला.

“कधी आलीस?”

“उदबत्तीच्या आधी.”

“मग बस. उभी का?”

मी बसले. बराच वेळ ते बांगड्यांच्या दांड्या उगाच सरळ करत राहिले.

“अप्पा, तुम्हाला तर जाहिरात पटत नाही.”

“नाहीच पटत.”

“मग हे?”

“मग काय? दुकान टाकलंय ना तिनं?” त्यांनी गादीखालून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला, जणू त्यात ते दुकान आहे. “गल्लीत कुणी नवीन दुकान टाकलं की बाकीच्यांनी सकाळी जाऊन भवानी करायची. नव्या माणसाचा दिवस रिकामा सुरू होऊ द्यायचा नाही. मी हे दुकान टाकलं तेव्हा समोरचे पोपटशेठ रोज येऊन एक बांगडी घेऊन जायचे. बायको वारलेली, घरात बांगडी घालणारं कुणी नाही. काय केलं असेल त्यांनी त्या बांगड्यांचं, देव जाणे. पण माझा दिवस त्यांनी कधी रिकामा सुरू होऊ दिला नाही. आता सुनेचं दुकान मोबाइलमधी. तिथं जाऊन मला काही घेता येत नाही. दाबता येतं. तेवढं दाबतो.”

“आणि ही बाकीची माणसं?”

“आपलीच की! विट्याचे मेहुणे, म्हसवडचे व्याही, माढ्याच्या बहिणीकडचे. आमच्या कासारांचा ग्रुप आहे. एकानंबी नाही म्हटलं नाही,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा अगदी उजळला. “मधी दोन दिवस काय बिघडलं होतं कुणास ठाऊक, सकाळचं दिसेचना. सगळे बसून राहिले. पण सोडली नाही भवानी.”

माझं वाक्य तयार होतं. प्रत्येक दाबण्याला वहिनींचे पैसे जातात, आणि तुमच्यामुळे जाहिरात नवरीऐवजी तिच्या आजोबांना दिसते. एवढंच सांगायचं होतं. पण त्यांच्या कपाळावर उदबत्तीचा अंगारा होता आणि त्यावर मोबाइल टेकवल्याची आडवी रेघ उमटली होती. मी त्या रेघेकडे बघत राहिले.

“तिला सांगू नको हं,” अप्पा हळूच म्हणाले. “गिऱ्हाईकच येतंय असं वाटू दे. उमेद राहते.”

मी त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत, वहिनींना सांगितलं.

त्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. आधी त्यांना हसू फुटलं. “माढ्याचे काकासुद्धा? त्यांना तर फोन उचलता येत नाही गं!” मग हसता हसता लाटणं थांबलं.

“माझ्यासमोर एकदा तरी बरं म्हणाले का?” त्या म्हणाल्या. “कसली जाहिरात, कसली जाहिरात, एवढंच ऐकलं मी तीन महिने.”

“वहिनी, त्यांना थांबवायला हवं. असंच चाललं तर खऱ्या मुलींपर्यंत आपण पोचणारच नाही.”

“काय सांगू? तुमच्या भवानीनं माझे पैसे गेले म्हणून?”

“मी सांगते हवं तर. नीट समजावून.”

“अजिबात नाही.” तव्यावरची पोळी करपायला लागली होती. त्यांनी ती हातानंच उलटली. “दुकान गेलं तर जाऊ दे. हे त्यांना कळता कामा नये. उद्यापासून ते माझ्याकडे मान वर करून बघणार नाहीत, माहितेय तुला? असला माणूस आहे तो.”

“पण मग काय करायचं?”

“तू शिकलेली आहेस ना? असं काहीतरी कर, की ते दाबतील आणि पैसे जाणार नाहीत.”

परीक्षेत असा प्रश्न मला कुणी घातला नव्हता. उत्तर मात्र सोपं होतं. दुकानाच्या पानावर जायला जाहिरातीतूनच जावं लागतं असं नाही, थेटही जाता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. मी हिरव्या बांगडीचं चित्र असलेलं एक बटन केलं. मोबाइलच्या पहिल्याच पडद्यावर ते बसायचं आणि दाबलं की तेच पान उघडायचं, तेच फोटो, तेच नाव. मग जाहिरातीच्या बाजूला विटा, माढा, म्हसवड ही गावं वगळली आणि वयाची मर्यादा घातली.

वहिनींनी ते बटन अप्पांच्या मोबाइलवर बसवलं तेव्हा मी दुकानातच होते.

“अप्पा, एक काम होतं. आपलं पान रोज सकाळी नीट उघडतंय का, ते तुम्ही बघत जाल? हे दाबायचं, बास. तुमच्या हातनं उघडलं की मला बरं वाटेल.” त्या माझ्याकडे चुकूनही बघत नव्हत्या. “आणि ग्रुपवर पण पाठवलंय. आपल्या लोकांनाही बघू दे. आता बोलायबिलायची कटकट नाही.”

अप्पांनी मोबाइल आधी लांब धरला, मग चष्मा काढून अगदी डोळ्यांजवळ नेला. बटन दाबलं. पान उघडलं. ते पानाच्या वरच्या कडेकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, चुड्याचा फोटो बघतायत.

“बरं झालं,” ते म्हणाले आणि त्यांनी मोबाइल कपाळाला लावला.

त्यानंतर आमचा आकडा धाडकन खाली आला. पडद्यावरचा गोल मात्र हळूहळू रंग बदलत गेला. एके दुपारी फोन वाजला. पुण्यात नोकरी करणारी मुलगी, लग्न उंब्रजला गावी, आणि आईला घरी येणारा कासारच हवा होता. अप्पा आणि वहिनी रिक्षानं पेट्या घेऊन गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. नवरीबरोबर तिच्या मावश्या, आत्या, शेजारणी सगळ्यांनी हात पुढे केले होते. “इतके हात एका दिवसात बघून किती वर्षं झाली!” अप्पा म्हणाले. मग मसूरचं एक लग्न आलं, मग ओगलेवाडीचं. येत होती, पण थेंबाथेंबानं. यंत्रणेला शिकलेलं विसरायला वेळ लागतो, आणि सराई अर्धीअधिक उलटून गेली होती.

होळीनंतरचा रविवार आला. हेमंतदादा खुर्चीत, मी लॅपटॉप घेऊन पाटावर, वहिनी दाराला टेकून उभ्या, आणि कॉटवर अप्पा पेपर उघडून.

दादांनी आलेख बघितला. मी काढलेला, दोन रंगांत, आधीचा आणि नंतरचा.

“हे तर खाली आलंय,” ते म्हणाले. “मागं केवढी माणसं होती, शरयू. आता एवढीच?”

मी तोंड उघडलं. वहिनींनी माझ्याआधी उत्तर दिलं.

“मागचा आकडा खोटा होता. मी जाहिरात भलत्याच लोकांना दाखवत बसले होते. माझी चूक. रेवतीनं सुधारून दिली.”

“भलत्याच म्हणजे?”

“ज्यांना बांगड्या नको होत्या अशांना.”

“म्हणजे निम्मी सराई वाया घालवलीस?”

“हो.”

“आणि भिशीचे पैसे?”

“ते गेले.”

दादा खुर्चीत मागे टेकले. ओरडले असते तर बरं झालं असतं. “मी रागवत नाही,” ते म्हणाले. “पण तूच सांग, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लग्नांवर दुकान चालतं का?”

“आत्ता नाही चालत. पुढच्या सराईला चालेल.”

“तोपर्यंत तो कव्हरवाला थांबायचा नाही.”

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. त्यांच्याकडे एक वाक्य होतं, ते मलाही माहीत होतं. ते त्यांनी उच्चारलं असतं तर दादांचा राग दुसरीकडे वळला असता. कॉटवर पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला.

“नको थांबू म्हणावं त्याला,” अप्पा म्हणाले.

दादा वळले. “अप्पा, तुम्हीच म्हणाला होता, तुम्ही ठरवाल ते.”

“म्हणालो होतो. आता म्हणत नाही.” त्यांनी पेपरची घडी घातली. नीट, कडा जुळवून. “जागा माझी आहे. मला बसायला जमत नाही, ती बसेल.”

“पण अप्पा, पैसे गेले, सराई गेली...”

“शिकताना वाढतात बांगड्या. माझ्या डझनावारी वाढल्या. माझ्या बापानं कधी हिशेब विचारला नाही.”

दादा डोकं खाजवत हसले आणि म्हणाले, “बरं. आणखी एक सराई.”

“दोन,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

मी घरी गेले ते तरंगतच. अप्पांसारख्या माणसाचं मत माझ्या दोनरंगी आलेखानं बदललं, असं मी आईला सांगितलं. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि आलेखांवर माझा फार विश्वास होता.

पुढे एम.एस्सी. झाली, पुण्यात नोकरी लागली, आणि आता मी मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती कोण दाबतं याचाच माग काढत असते. गेल्या वर्षी माझं लग्न ठरलं. चुडा कुणाकडून भरायचा हा प्रश्न आमच्या घरात निघालाच नाही.

दुकान तिथंच आहे. एका बाजूला बांगड्या, दुसऱ्या बाजूला पुणे-मुंबईला पाठवायच्या खोक्यांची रास. हात भरायला वहिनींच्या हाताखाली आता दोघी जणी आहेत. अप्पा रोज बसत नाहीत, पण माझ्यासाठी काठी टेकत खाली आले. गादीवर बसून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटांची पेरं दाबून बघितली.

“हात सैल सोड. घट्ट धरलास की वाढते.”

मी हात सोडला. पहिली बांगडी कशी आत गेली ते कळलंही नाही.

“ते बटन तू केलं होतंस ना?” त्यांनी मधेच विचारलं.

“कुठलं, अप्पा?”

“हिरव्या बांगडीचं.”

“हो.”

“त्याच्यावर ‘जाहिरात’ लिहिलेलं नव्हतं.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या हाताकडे बघत होते.

“आधी मी बोलून काढायचो तिथं बारीक अक्षरात असायचं. तुझ्या बटनावर नव्हतं. मी म्हटलं, का काढलं असंल? विट्याच्या मेहुण्यांचा नातू असल्या कामात आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, आबा, जाहिरातीवर दाबलं की मालकाचे पैसे जातात, साध्या पानाला काही पडत नाही.” दुसरी बांगडी सरकली. “म्हणजे रोज सकाळी देवासमोर बसून मी सुनेचे पैसे उडवत होतो. आणि वर चार गावच्या लोकांना जोर लावत होतो, उडवा म्हणून.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, अप्पा.”

“नव्हतं. पण तिला होतं की.” तिसरी बांगडी सरकली. “आणि त्या रविवारी हेमंतासमोर काय म्हणाली? माझी चूक. मी कॉटवर बसलोय, तीन हातांवर, आणि माझी चूक म्हणाली.”

बाहेर कुणीतरी खोक्याला चिकटपट्टी लावत होतं, तिचा चर्र आवाज येत होता. मला तो घडी घातलेला पेपर आठवला, त्याच्या जुळवलेल्या कडा आठवल्या.

“मग तुम्ही तिला कधी काही बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? मला कळू नये म्हणून तिनं एवढं केलं. मला कळलंय हे तिला कळलं, तर तिनं केलेलं सगळं वाया गेलं की नाही?” त्यांनी डबीतून पुढची बांगडी निवडली, उजेडात धरून बघितली आणि ठेवून दुसरी घेतली. “तिला सांगू नको हं.”

आतून वहिनी हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या. केसांत पांढरं दिसायला लागलंय, बाकी तशाच.

“काय चाललंय दोघांचं?”

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“मापाचं बोलतोय,” मी म्हणाले. “माझा हात आईवर गेलाय म्हणतात.”

“मग बरंय. जावई कौतुक करील.” त्यांनी तबक खाली ठेवलं. “अप्पा, आज भवानी केली का?”

“कुठली? हिचे हात भरतोय सकाळधरनं.”

“आधी करा बघू. हात काय, पळून जातायत?”

अप्पांनी फडक्याला बोटं पुसली. खिशातून मोबाइल काढला, नवीन होता, पण पहिल्याच पडद्यावर हिरवी बांगडी तशीच होती. त्यांनी ती दाबली, पान उघडलं, आणि मोबाइल कपाळाला लावून डोळे मिटले. वहिनी दाराला टेकून त्यांच्याकडे बघत होत्या आणि मी वहिनींकडे.

“झाली,” अप्पा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “हं. हात दे.”